लहानीच्या खांबाखाली

फ्लेक्सवर नाव त्याचं होतं, चेहरा त्याचा होता, आणि जहाज भलत्याचंच होतं. अड्याळच्या चौकात एसटी वळता वळता अडकली, समोर धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर आडवा झाला होता, आणि त्या दोन मिनिटांत सुगत गजभियेला खिडकीतून सगळा फ्लेक्स शुद्धलेखनाच्या चुकांसकट वाचावा लागला. ‘विमानवाहू जहाजाचे शिल्पकार, आपल्या मातीचे सुपूत्र मा. सुगत मंगरू गजभिये यांचा भव्य नागरी सत्कार.’ खाली हात जोडलेला भोजराज, कृषी केंद्राचा मालक, यंदा जिल्हा परिषदेला उभा राहायला निघालेला. त्याचा फोटो सत्कारमूर्तीपेक्षा दीडपट मोठा. आणि मागे ते जहाज. मोबाइलवरून उचललेलं, कुठल्यातरी परदेशी आरमाराचं, डेकवर इंग्रजी आकडा, विमानं तर अशी की आपल्याकडे त्या जातीचं एक चाकही नाही. गाढवांनो, चोरायचंच होतं तर निदान आपल्या देशाचं तरी चोरायचं. तो हसणार होता, पण नजर शेवटच्या ओळीवर गेली. ‘ज्यांच्या मातोश्रींचा पैसा या जहाजाच्या खांबाखाली आहे.’ हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. खिशात चष्म्याच्या जुन्या डबीत तो पैसा होता. मधे भोक असलेला, इंग्रजांच्या वेळचा, तांब्याच्या रंगाचा, वजन दोन ग्रॅम. गेली सत्तावीस वर्षं तो कुठल्याही जहाजाच्या कुठल्याही खांबाखाली नव्हता. त्याच्याजवळ होता.

शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “तुमचाच फोटो व्हय ना तो?” तो म्हणाला, “नाही.” आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण खोटं बोलायची त्याला चांगली सवय असती तर गोष्ट वेगळी होती, त्याला सवय नव्हती, त्याच्या हिशेबानं तो आयुष्यात एकच खोटं बोलला होता, तेही एका अक्षराचं, आणि ते आता वीस बाय दहाचं होऊन चौकात बांबूवर टांगलं होतं. सकाळी भंडाऱ्याहून निघताना भावना, त्याची बायको, दारात म्हणाली होती, “एक तर सांगून टाका, नाही तर शाल घेऊन गप या. मधलं काही करू नका. तुम्हाला मधलंच करायची खोड आहे.” खरंच होतं तिचं. तो आयुष्यभर मधलंच करत आला होता. जहाज बांधणारा तो नव्हता, जहाज चालवणारा नव्हता, जहाजाचं चित्र काढणारासुद्धा नव्हता. तो वजनवाला होता.

हे लोकांना समजावून सांगायचा त्यानं किती वेळा प्रयत्न केला होता. जहाज बांधण्याआधी ते कागदावर तोलावं लागतं. प्रत्येक पत्रा, प्रत्येक वायर, नळातलं पाणी, भिंतींवरचा रंग, खलाशाची पेटी, भटारखान्यातले बटाटे, आणि दहा वर्षांत नुसता मळ साचून जहाज किती जड होईल तेसुद्धा. दिल्लीतल्या नौदलाच्या ऑफिसात, सरकारी हिरव्या पडद्यांच्या हॉलमध्ये, तो आणि आणखी सहा जण हेच करत. त्याला त्या टेबलावर बसवलं ते तांदळामुळे. नवा लागला होता, धान्याच्या कोठारात किती माल बसेल ते काढायला दिलं होतं, आणि त्यानं बापाच्या सवयीनं आधी मापलं, मग तोललं. बाप म्हणजे मंगरू गजभिये दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबून स्वतःची दोन एकर केलेला माणूस. तो धान कधी तोलायचा नाही, पायलीनं मापायचा, आणि पायली भरली की तिच्या कडेवर दोनदा बोटानं टिचक्या मारायचा. टिचकी मारली की दाणा खाली बसतो, पायली पुन्हा अर्धं बोट रिकामी होते. सुगतनं कागदावर लिहिलं, जहाज हलतं म्हणजे दर मिनिटाला कोणीतरी टिचकी मारतं. तांदूळ खाली बसेल, वर जागा होईल, आणि वादळात तो सगळा एका बाजूला सरकेल. साहेबानं कागद वाचला, वर बघितलं, आणि विचारलं, “कुठला तू?” भंडारा म्हटल्यावर त्याला भंडारा ठाऊक नव्हता. पण त्यानं टेबल बदलून दिलं.

आणि मग लहानी आली. ऑफिसात तिला फक्त आकडा होता, पण वजनाच्या टेबलावर तो आणि पुंडलिकराव तिला लहानी म्हणायचे, घरात शेवटच्या पोरीला म्हणतात तसं. पुंडलिकराव अमरावतीकडचे, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे, जेवणाच्या सुट्टीत डब्यातली भाकर तळहातावर तोलून ‘एकशे चाळीस’ म्हणणारे. मोठं विमानवाहू जहाज परवडत नाही, तर एक लहान, स्वस्त करून बघू, असा प्रस्ताव होता. मोजकी बारा विमानं, तीही थोड्या धावेवर उडी मारून उडणारी. एकच लिफ्ट. माणसं कमी, तेल कमी, सगळं कमी. आणि कमी म्हटलं की सगळे येऊन वजनवाल्याच्या उरावर बसतात. एक टन काढ. अजून अर्धा काढ. त्यानं दारांच्या बिजागऱ्या हलक्या केल्या, जिन्याच्या पायऱ्यांना भोकं पाडली, कप्तानाच्या खोलीतलं सागवानी कपाट उडवलं आणि त्यावरून एका कमांडरच्या शिव्या खाल्ल्या. नऊ वर्षं. नऊ वर्षांत त्याला पोरगी झाली, तिला दात आले, ती शाळेत गेली, आणि तो लहानीचे किलो काढत बसला. समुद्र त्यानं तोवर दोनदा बघितला होता, दोन्ही वेळा सुट्टीच्या दिवशी, चपला हातात घेऊन.

त्या नऊ वर्षांतल्या सहाव्या वर्षी तो सुट्टीवर गावी आला होता. जुन्या गावी, जे आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. ओसरीत बसून मायला सांगत होता की जहाजाचा खांब, पूर्वीची डोलकाठीच ती, उभा करताना त्याच्याखाली नाणं ठेवतात, सगळ्या देशांत ठेवतात, जुनी चाल आहे. माय म्हणजे मंगलाबाई भात पाखडत होती. सूप थांबलं. “कोनाचं नाणं ठेवते?” तो म्हणाला, कोणाचंही, बांधणाऱ्यांपैकी कोणाचंही. ती उठली, आत गेली, आणि डब्यातून हा भोकाचा पैसा घेऊन आली. त्याला हा पैसा ठाऊक होता, त्याची गोष्टही ठाऊक होती. लहानपणी तिच्या गळ्यात तो काळ्या दोऱ्यात बांधलेला असे, नजर लागू नये म्हणून. छप्पन साली, लग्न होऊन सहा महिने झालेली ती, सासऱ्याच्या मागे पवनी रोड स्टेशनवरून लहान लाइनच्या गाडीनं नागपूरला गेली. दीक्षा घेऊन परत येताना गाडीतल्या सगळ्या बायांनी आपापले दोरे, ताईत, गंडे तोडून खिडकीतून फेकले. हिनं दोरा फेकला. पैसा ठेवला. सासऱ्यानं विचारलं तर म्हणाली, “दोऱ्यात भूत होतं. पैशात काय हाये?” पुढच्या साली सुगत झाला. “हा ठेव,” ती म्हणाली. “भोक बुजवू नको मातर.”

पैसा घेऊन तो दिल्लीला गेला आणि पहिल्याच दिवशी त्यानं तो ऑफिसच्या काट्यावर टाकला. दोन ग्रॅम. मग वजनाच्या तक्त्यात, ‘खांब व किरकोळ जोडणी’ या सदराखाली, जिथे सगळे आकडे किलोत होते, त्यानं एक ओळ घातली: ०.००२. पुंडलिकरावांनी तपासताना पेन्सिल तिथेच टेकवली. “हे काय आहे?” सुगतनं सांगितलं. “आपण लोकांचं कपाट काढलं,” पुंडलिकराव म्हणाले, “आणि तू तुझ्या आईचा पैसा घालतोस?” आणि मग समासात त्यांनी आपली बारीक सही केली.

आणि एका मंगळवारी लहानी रद्द झाली. दोन ओळींचा कागद. त्याच्या टेबलापाशी कोणी आलंसुद्धा नाही सांगायला, कागद शिपायानं आणला, तोही चहाच्या पेल्याखाली ठेवून. एवढा खटाटोप करायचाच तर मोठंच का करू नये, असं वरच्यांना वाटलं होतं. आणि खरी चीड ती की वरचे चूक नव्हते. हे त्याला त्याही वेळी कळत होतं. लहान जहाज खवळलेल्या समुद्रात जास्त हलतं, हलत्या डेकवर विमान उतरत नाही; निम्मं जहाज केलं म्हणून खर्च निम्मा होत नाही, रडार तेवढंच लागतं, कप्तान एकच लागतो. त्यानं स्वतः काढलेल्या आकड्यांवर बोट ठेवूनच त्यांनी लहानीचा गळा धरला होता. चूक कोणाची म्हणायची? मग दोन दिवस बसून, सगळ्यात खालचा माणूस म्हणून, वजनाच्या चारशे पानांवर ‘रद्द’चा शिक्का त्यालाच मारावा लागला. मनगट सुजलं. खांबाच्या त्या एका पानावर मारला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण रद्द झालेलं कोण वाचतं.

पुढच्याच साली भंडारा जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला, आणि सुट्टीवर आलेला तो मंगरूबाबाला म्हणाला होता, “बघा बाबा, जिल्हा लहान केला तर चालते.” बाप त्या वेळी खाटेवर होता. त्यानं विचारलं, “झालं का रे जहाज?” धरणाचं चाललंच होतं तेव्हा, किती वर्षं नुसतं चाललं होतं. बापाला ते धरण कधी पटलं नाही. “इतलं मोठं कायले?” तो म्हणायचा. “या जिल्ह्यात तरे का कमी हायेत? एकेक गावाले एकेक तरा, आपलं पानी आपल्या उशाशी.” त्याला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्याचं म्हणणं चूक होतं की बरोबर हे तपासायची वेळच कोणावर आली नाही. “झालं का रे?” त्यानं पुन्हा विचारलं. सुगत म्हणाला, “होऊन राहिलं.” ते अजून खोटं नव्हतं. निदान तेव्हा तसं वाटलं होतं. कोणतं तरी जहाज कुठेतरी होतच असतं. बाप चार वर्षांनी गेला.

खोटं नंतर आलं. घर मोडायच्या दिवशी. पाणी चढणार, नव्या गावठाणात प्लॉट मिळालेले, आणि लोक आपापल्या घराचे फाटे, दारं, कवेलू काढून ट्रॅक्टरवर घालत होते. विनोद, त्याचा धाकटा भाऊ, छपरावर चढून एकेक कवेलू खाली देत होता. माय कवेलूच्या ढिगावर बसली होती, काही करत नव्हती, आणि जिनं आयुष्यात रिकामे हात मांडीवर ठेवले नव्हते तिचे हात तसे बघून सुगत जवळ गेला. तिनं वर न बघता विचारलं, “आता तं लावला असन ना खांब? ठेवला ना पैसा?” तो म्हणाला, “हो.” बस. एक अक्षर. पैसा तेव्हा दिल्लीत, त्याच्या कंपासपेटीत होता.

एसटीतून उतरल्यावर विनोद मोटरसायकल घेऊन उभाच होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. गावठाणाच्या सरळ, एकसारख्या गल्ल्या आल्या तसं सुगतला नेहमीप्रमाणे चुकल्यासारखं झालं. या गावात तो कितीदा आला तरी कोणाच्या दारात आंबा होता आणि कोणाच्या दारात विहीर, हे आठवून पत्ता सापडत नाही, कारण आंबाही नाही आणि विहीरही नाही. “विनोद,” तो मागून म्हणाला, “मी आज सांगून टाकणार आहे.”

“काय सांगतं?”

“की ते जहाज झालंच नाही. झालं ते दुसरं, मोठं. त्यात माझी एक रेघ नाही.”

मोटरसायकल थांबली. विनोदनं मान वळवली नाही. “दादा, तुले येच दिवस भेटला का? भोजराजभाऊ घाट बांधून देतो म्हनते. पान्याच्या पल्याड आपली दीड एकर हाये, अर्ध्या गावाची हाये. रस्त्यानं फिरून जा म्हनलं तं तीस किलोमीटर. पत्र्याचा डोंगा बनवून राहिलो मी आन कवडू, तो लावाले जागा पाह्यजे का नाही?”

“घाटाचा आणि माझ्या जहाजाचा काय संबंध?”

“अगा, संबंध लावाच लागते!” विनोद ओरडला. “आन मायचं काय? पंचायतीच्या वट्यावर रोज सांगते ते. नव्या सुनाईले बोलावून बोलावून सांगते. चौऱ्याऐंशी वर्साची बुढी हाये. तुहं खरं तिच्या कोन्त्या कामाचं?”

खरं कोणाच्या कामाचं, हा प्रश्न सुगतच्या ऑफिसात कोणी विचारला असता तर तो हसला असता. वजन हे वजन असतं, ते कोणाच्या कामाचं असो वा नसो, जहाज त्यानुसारच बुडतं. पण इथे गल्लीत, भावाच्या घामेजल्या शर्टामागे बसून, त्याला ते वाक्य बोलवेना. शिवाय एक गोष्ट विनोदला ठाऊक नव्हती. भावनालाही नव्हती. मोठ्या जहाजाचा खांब उभा राहिला त्याच्या आदल्या आठवड्यात पुंडलिकरावांचा फोन आला होता. ते निवृत्तीनंतर दक्षिणेतल्या त्या गोदीत सल्लागार म्हणून गेले होते. “सुगत, पुढच्या आठवड्यात खांब बसतो आहे. तुझ्या आईचं ते नाणं पाठव, मी ठेवतो.” पंधरा सेकंद तो रिसीव्हर धरून उभा होता. मग म्हणाला, “माझ्याकडे काही नाही.” का म्हणाला? लहानीच्या छातीवर पाय देऊन आलेल्या त्या धटिंगणाला आपल्या हातानं मायचा पैसा द्यायचा? हट. असं त्या वेळी वाटलं होतं. नंतर जे वाटत राहिलं त्याला नाव नव्हतं, पण ते जड होतं.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, भोजराजच्या पक्षाच्या दोन तसबिरी, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि माईकवर ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणणारा माणूस जो पाऊण तास तेवढंच म्हणत होता. माय आधीच मंचावर बसली होती, पांढरं लुगडं, खुर्चीत एवढीशी, पाय जमिनीला न टेकलेले. भोजराजनं भाषण केलं. या मातीत काय नाही, तो म्हणाला, या मातीनं तांदूळ दिला, या मातीनं जहाज दिलं. “गावात पानी आलं म्हणून काही लोक रडत बसतात,” तो म्हणाला, “पण सुगतसरांनी त्याच पाण्यावर जहाज उभं केलं!” कुठलं पाणी, कुठलं जहाज, सुगतला वाटलं उठून याच्या तोंडावर तांब्या मारावा. टाळ्या पडल्या. मग भोजराज म्हणाला, आता आपल्या माताजी दोन शब्द बोलतील, आणि माईक मायच्या तोंडाशी धरला गेला. हे ठरलेलं नव्हतं. माय माईककडे संशयानं बघत राहिली. मग म्हणाली, “मले बोलता नाही येत. पान्यानं आमचं घर नेलं. गाव नेलं. पर माहा पैसा पान्यावर हाये. बुडला नाही.” आणि माईक हातानं बाजूला सारला.

टाळ्या थांबेनात. बाया डोळे पुसत होत्या. सुगतला घाम फुटला, थंडीच्या दिवसांत, कानामागून धार लागली. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याला भावना आठवली, मधलं काही करू नका. तो उभा राहिला. आणि खरं सांगायला लागला. पण तीस-पस्तीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाच्या तोंडून खरंसुद्धा फाइलीसारखंच बाहेर येतं. तो म्हणाला की ज्या जहाजावर त्यानं काम केलं तो एक लहान आणि स्वस्त जहाजाचा प्रस्ताव होता आणि तो रद्द करण्यात आला. सध्या समुद्रात असलेल्या जहाजाशी त्याचा संबंध नाही. फ्लेक्सवरचं जहाज तर आपल्या देशाचंही नाही. आणि त्यामुळे पैसाही खांबाखाली नाही, पैसा माझ्याजवळ आहे. शेवटचं वाक्य बोलताना माईक कर्कश किंचाळला आणि माईकवाला धावत आला. समोरून टाळ्या सुरू झाल्या. का? कशासाठी? त्याला कळेना. भोजराजनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दुसऱ्या हातानं माईक घेतला. “पाहा, पाहा मंडळी! मोठी माणसं अशी असतात. सगळं करून म्हणतात, मी काही केलं नाही!” आणखी टाळ्या. शाल त्याच्या अंगावर आली, नारळ हातात आला, कोणीतरी मोबाइल समोर धरून म्हणालं, सर, जरा हसा. त्यानं मायकडे बघितलं. सगळ्या पटांगणात एकट्या तिनं टाळी वाजवली नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, लहानपणी त्याच्या दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल सापडली होती तेव्हा बघितलं होतं तशी.

माय घरी आली. छपरीत खाटेवर बसली, लुगडं सारखं केलं, आणि हात पुढे केला. “आन.”

त्यानं चष्म्याची डबी उघडून पैसा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो डोळ्याजवळ नेला, भोकातून उजेडाकडे बघितलं, खात्री केली. “तोच हाये,” म्हणाली. मग, “इतके वर्सं तुह्या खिशात होता?”

“पेटीत होता.”

“आन मी लोकायले सांगत फिरली.” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “लबाड झाली मी. या वयात. काहून नाही बांधलं ते?”

“लहान होतं, माय. लहान आणि स्वस्त. त्यांना मोठं पाहिजे होतं.”

“मोठं तं झालं ना? भोजऱ्या म्हनते झालं.”

“झालं.”

“त्याले खांब हाये?”

“आहे.”

“मंग त्यात काहून नाही ठेवला?”

सुगत नारळ हातात धरून उभा होता. विनोद दारात येऊन थांबला होता. बाहेर कवडू, विनोदचा मासे धरणारा ढिवर मित्र, पत्र्यावर हातोडा मारत होता, ठण, ठण. “ते जहाज माझं नव्हतं,” सुगत म्हणाला.

“पैसा तं माहा होता,” माय म्हणाली.

ठण. ठण. नऊ वर्षं आणि चारशे पानं, मंगळवार, दोन ओळींचा कागद, वरच्यांचा मोठेपणाचा सोस, सगळं त्यानं आजवर एका बाजूच्या पारड्यात घालून ठेवलं होतं आणि ते पारडं नेहमी खाली जायचं. हे कधी घातलंच नव्हतं. वजनवाल्यानं. लहानी रद्द केली ती त्यांनी. पैसा रद्द केला तो त्यानं. पंधरा सेकंदांत, फोनवर, आणि चहाच्या पेल्याखाली कागद ठेवण्याएवढीसुद्धा तसदी न घेता. त्याला स्वतःचा इतका संताप आला की नारळ भिंतीवर फोडावासा वाटला. “पुंडलिकरावांनी मागितला होता,” तो म्हणाला. “मी नाही म्हणालो.”

मायनं पैसा मुठीत धरला. मग उतरली, चपला शोधल्या, विनोदचा हात झिडकारला आणि अंगणात गेली. तिथे चिंचेच्या रोपट्यापाशी डोंगा उपडा पडला होता, बारा फुटांचा, पत्र्याच्या जोडांवर कवडू आता डांबर लावत होता. तिनं एक फेरी मारली. पोटावर हात फिरवला. “कवडू, याचा खांब कुठी हाये?”

कवडू हसला. “आजी, डोंग्याले खांब कायचा? बांबूनं रेटतो आम्ही.”

“बसव मंग.”

“माय,” विनोद म्हणाला, “पल्याड जाऊन धान आनाचं हाये, लढाई नाही कराची.”

“तुले नाही इचारलं मी.” ती सुगतकडे वळली. “तू सांग, दिल्लीवाल्या. इतलुसा तरी येते का तुले बांधता?”

आता मात्र त्याचा तोल सुटला. सगळ्या दिवसाचा फ्लेक्स, माईक, शाल, टाळ्या एकदम वर आलं. “असा खांब लावतात का कुठे?” तो ओरडला. “वर वजन गेलं की कलंडतं ते! बारा फुटी डोंग्याला खांब लावला, वर पाच माणसं, चार पोती, जरा वारा आला की झोपलं पाण्यात! काही हिशेब असतो की नाही? नुसतं बसव म्हटलं की बसतं?”

“किती?” माय म्हणाली.

“काय किती?”

“किती वजन गेलं तं कलंडते?”

कवडूनं डांबराचा ब्रश थांबवला. सुगत तोंड उघडं ठेवून उभा राहिला. हा प्रश्न त्याला गेल्या चोवीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. “विनोद,” तो म्हणाला, “पत्रा कोणत्या गेजचा आहे?” विनोदला ठाऊक नव्हतं. कवडूला ठाऊक होतं. रुंदी सुगतनं वितीनं मोजली, मग विनोदची टेप मागून पुन्हा मोजली, आणि दोन्हींत फरक निघाला म्हणून टेपवर चिडला. शाल खांद्यावरून घसरत होती. ती त्यानं गोळा करून खाटेवर फेकली. शौचालयाच्या कामातून उरलेला एक पाइप कवडूनं आणला, चार फुटी. सुगतनं तो तळहातांवर आडवा धरून तोलला आणि पुंडलिकरावांसारखाच एक आकडा पुटपुटला, मग आपल्यावरच विश्वास न ठेवता कवडूला मासे तोलायचा काटा आणायला लावला. आकड्यात पाव किलोचाच फरक होता. तो उकिडवा बसला आणि डोंग्याच्या पत्र्यावर, कवडूच्या खडूनं, एकाखाली एक लिहू लागला. पत्रा. अँगल. डांबर. माणसं पाच, ओली. पोती चार, आणि धान ओलं असेल तर. बांबू. पाइप. माय मागे उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी संपल्या की नाही ते कळत होतं.

“माहा पैसा लिवला का?” तिनं विचारलं.

त्यानं शेवटच्या ओळीत लिहिलं, ०.००२.

“तरंगन का?” माय म्हणाली.

त्यानं खाली रेघ मारली आणि वरपासून बेरीज करत आला. मग पुन्हा एकदा, खालून वर. मगच म्हणाला, “हो.”